त्या शनिवारी न बांधलेल्या चिंध्या

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय वैजनाथराव, आपल्या नदीकाठ गटाचे प्रमुख मच्छिंद्रभाऊ, कंपनीकडून आलेल्या शर्मिलाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते श्रीधर सर, समोर बसलेली सगळी मंडळी आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या वस्तीतल्या बायका. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत गं, बसा की. खुर्च्या काय आरतीला ठेवल्यात? सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

मी हिरा ओव्हाळ. शाळा चौथीपर्यंत. ही चार पानं लिहायला मला आठ दिवस लागले, म्हणून अध्यक्षांनी मधे घंटी वाजवू नये ही विनंती.

आधीच्या वक्त्यांनी सरांना वृक्षमित्र म्हटलं, पक्षीमित्र म्हटलं, ऋषी म्हटलं. म्हणा. मला सर भेटले ते भांडणात. दहा वर्षांपूर्वी येरवड्याच्या आपल्या नदीकाठाला कोणी विचारत नव्हतं. मी शेळ्या चारायची. एक दिवस हे गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून पुढे आले.

"बाई, इथे शेळ्या आणू नका. रोपं लावली आहेत."

"कधी लावली?"

"गेल्या आठवड्यात."

"माझ्या शेळ्या सात वर्षं येतात. आधी कोण आलं?"

सर म्हणाले, "आधी भारद्वाज आला. आपण दोघंही उपरे."

मला हसू आलं. विचारलं, तो तांबड्या पंखांचा का? हूप हूप करतो तो? तर म्हणाले, हो, सहा महिने त्याचं घरटं शोधतोय, सापडत नाही. मी त्यांना घाणेरीच्या जाळीत नेलं आणि दोन मिनिटांत दाखवलं. दुर्बिणीतून लांबचं दिसतं हो, नाकासमोरचं दिसत नाही. पुढच्या आठवड्यापासून शेळ्या दुसरीकडे आणि मी गटात.

आता नवीन लोकांसाठी सांगते. घाणेरी हे बाहेरून आलेलं झुडूप. सगळीकडे माजतं, दुसरं काही उगवू देत नाही. ते काढायचं आणि इथली झाडं लावायची हे आपलं काम. पण पाखरांना ते कुठून आलं याच्याशी काय करायचंय? दाट दिसलं की ती घर करतात. म्हणून सरांनी नियम केला, सगळं एकदम काढायचं नाही, दर वर्षी थोडं थोडं. आणि काढायच्या आदल्या दिवशी मी घरटी बघत फेरी मारायची. सर घरट्यांच्या जागा कागदावर काढून वाटायचे. मी म्हटलं, कागद कोण बघतो? चिंधी बांधा. माझी लग्नातली लाल साडी विरली होती, तिच्या चिंध्या केल्या. जिथे चिंधी तिथे कोयता नाही. बँकेचे साहेब असोत, कॉलेजची पोरं असोत, माझी चिंधी दिसली की हात थांबायचा. चौथी पास बाईचं इतकं कोणी ऐकल्याचं तुम्हाला ठाऊक आहे का?

मग २००५ चा जुलै आला. शर्मिलाताईंच्या कंपनीनं ठरवलं, एका रविवारी दोनशे जण येणार, सगळी घाणेरी काढून चारशे रोपं लावणार. सर म्हणाले, एका दिवसात नको. मच्छिंद्रभाऊ, तुम्ही म्हणालात, "सर, दोनशे माणसं पुन्हा कधी मिळणार?" सर म्हणाले, "हिराबाईंची फेरी होऊ द्या. त्या म्हणतील तसं."

ते वाक्य ऐका सगळ्यांनी. त्या म्हणतील तसं.

शनिवारी सकाळी कंपनीतून निरोप आला, हिराताईंचा सत्कार करायचा आहे. गाडी आली. आता कंपनीची ती काचेची इमारत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्या चौथ्या मजल्यापर्यंत मी घमेली वाहिली होती. तेव्हा जिना सुद्धा नव्हता, फळ्या होत्या. त्या दिवशी मी पुढच्या दारानं गेले. शिपायानं दार धरलं. लिफ्टनं चौथ्यावर गेले, आणि आपण ओतलेला स्लॅब कुठला ते पायाखाली शोधत राहिले. वर गालिचा होता. फुलं दिली, टोपी दिली, फोटो काढले. शर्मिलाताई, तुमचा यात काही दोष नाही, तुम्ही प्रेमानं केलंत. मीच उठत नव्हते. चार वाजले, पाच वाजले, कोणीतरी परत चहा आणला, मी परत घेतला.

वस्तीत आले तेव्हा अंधारून आलं होतं, पाऊस लागला होता. शेजारच्या चंपाच्या मोबाइलवर सरांचा फोन आला.

"हिराबाई, फेरी झाली?"

मी म्हटलं, "झाली. काही नाही."

तीस चिंध्या माझ्या पिशवीत होत्या. एकही बांधली नव्हती.

आता कोणी खाकरू नका, मला वाचायचंय.

रविवारी दुपारपर्यंत काठ उघडा झाला. टाळ्या वाजल्या. सगळ्यांच्या पुढे कोयता माझाच होता. संध्याकाळी भारद्वाज आला आणि नुसता मोकळ्या जमिनीवर इकडून तिकडे चालत राहिला. सरांना ढिगाऱ्यात घरटं सापडलं. दोन पिल्लं होती. मला विचारलं, "फेरीत दिसलं नव्हतं?" मी म्हटलं, "नव्हतं." तेव्हा सर म्हणाले, "मग चूक माझी. मी नाही म्हणायला हवं होतं."

पुढच्या बैठकीत त्यांनी तेच सांगितलं आणि प्रमुखपद सोडलं. लोक काय काय बोलले! सरांचं वय झालं, सरांना नुसती दुर्बीण लावता येते. मी त्याच सतरंजीवर बसले होते. मी, जी रेशन दुकानदाराला भर रांगेत सुनावते, नगरसेवकाला दारात उभं करते. त्या दिवशी मी सतरंजीचे धागे उपसत बसले. त्यानंतर चार वर्षं सर काठावर आले नाहीत. आपल्याला वाटलं, गुडघे दुखतात.

सर, तुमची चूक नव्हती. फेरी झालीच नव्हती.

नाही, उठू नका. माझं एक पान राहिलंय.

सर सोमवारी मुलाकडे बंगळूरला चालले, कायमचे. म्हणून गटानं ठरवलंय की उद्या रविवारी कोपऱ्यात पुन्हा माजलेली घाणेरी काढून तिथे सरांच्या नावाची बाग करायची. पाटीसुद्धा रंगवून आली आहे, बाहेर ठेवलीय, छान आहे. पण उद्या ते होणार नाही. मी आज पहाटे फेरी मारली. सात चिंध्या बांधल्या. चार बुलबुलाच्या, दोन मुनियांच्या, एक कोणाची ते मला कळलं नाही. भारद्वाज नाही. सरांना बरं वाटावं म्हणून आहे म्हणाले असते, पण सरांशी एकदा खोटं बोलून बघितलंय. दिवाळीनंतर काढू, थोडं थोडं. मच्छिंद्रभाऊ, पाटी तोवर पावसात ठेवू नका.

मला बोलायला दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे, गटाचे आणि चहावाल्यांचे आभार. भाषण संपवताना सगळे म्हणतात, काही चुकलं असेल तर पोटात घाला. माझं चुकलं असेल असं नाही, चुकलंय. तुम्हा सगळ्यांकडे मी माफी मागत नाही, तुम्ही मला पुढच्या रविवारपर्यंत बोलणारच आहात, बोला. मागायची ती सरांकडे. पण सर, ती इथे देऊ नका. माईक समोर असला, शाल खांद्यावर असली की माणसाला नाही म्हणता येत नाही.

उद्या सकाळी सहा वाजता मी काठावर आहे, त्या सात झुडपांपाशी. तिथे कोणी नसेल. यायचं तर या, आणि काय म्हणायचं ते तिथे म्हणा. नाही आलात तर मी समजून घेईन.

जय भीम.