उचकी कोणाच्या नावाची

माहेर माह्यं अकोटचं, सासरही तिथलंच जवळचं, अन् आता राहाले कॅनडात, एडमंटनमंधी. काय सांगू तुमाले, माणूस एका जल्मात कुठच्या कुठं जाते. नितीनचे बाबा गेले तवा पोरानं इकडं आणलं. रिकामं बसनं मले जमत नाई, म्हणून मॉलमधल्या आल्टरेशनच्या दुकानात लागली, पँटा आखूड करा, जॅकेटच्या चेनी बदला. गिऱ्हाईक म्हणते मापात आहे, तरी मी टेप लावूनच पाहते. कोणावर पटकन भरोसा ठेवत नाई मी. नितीन म्हणते, आई तू पोलिसात पाहिजे होती.

तर मांगच्या थंडीत दुकानात शिवता शिवता चक्कर येऊन पडली. दवाखान्यात म्हणे हृदयाचे ठोके लय हळू पडतात, पेसमेकर लावा लागन. छातीत कातडीखाली एक डबी, अन् तिची तार शिरेतून थेट हृदयात. तो डाक्टर बोटं हलवू हलवू लय वेळ बोलला. मी म्हटलं नितीन, काय म्हणते रे हा, तर म्हणे काही नाई आई, रूटीन आहे. आता तुमीच सांगा, त्याचं एवढं मोठं इंग्रजी अन् याचं एवढुसं मराठी? मले तवाच शक आला होता. पण सही केली, परक्या माणसासमोर पोराले काय बोलता.

घरी आली, पहिले काही दिवस बरे गेले, मंग उचकी लागली. पाणी पिली, साखर खाल्ली, थांबत नाई म्हणजे नाई. आपल्यात उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढते, त्याचं नाव घेतलं का थांबते. भावाचं घेतलं, बहिणीचं घेतलं, मंग पलंगावर उठून बसली अन् विमलचं घेतलं, तर थांबली. विमल म्हणजे माही जाऊ. सासूच्या तेराव्याले मले जाता आलं नाई, तवापासून आमचं बोलनं बंद, अन् ही गावभर सांगते का कॅनडावालीले माया नाई. म्हटलं हीच बसली असन माह्या नावानं बोटं मोडत. नितीन हासला. क्लिनिकमंधी फोन केला त्यानं, तिथली बाई म्हणे ऑपरेशन झालं आहे, थोडंफार होते.

आडवी झाली का उचकी. मंग विमलचं नाव घेतलं तरी थांबेना, अन् छातीतही दुखाले लागलं. डोकंच फिरलं माह्यं, तिले व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं काऊन वं विमल, काय वाकडं केलं मी तुह्यं, काऊन माह्या मांगं लागली. ती मटकी निवडत होती. म्हणे बाई, तुही आठवण काढाले मले फुरसत आहे का. मंग माह्याकडं पाहतच राहिली अन् म्हणे फोन खाली धर, पोट दाखव. दाखवलं. म्हणे हे काऊन असं उडून राहिलं वं, घड्याळासारखं एका तालात, ही काही उचकी नाई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, नितीनले दे फोन. अन् मंग त्याले लय बोलली.

दवाखान्यात स्कॅन काढला. तारीचं टोक हृदयाची भिंत भेदून बाहेर निंगालं होतं, जाड कापडातून सुई निंगते तसं, अन् छाती-पोटाच्या मधल्या पडद्याले झटके देत होतं, तीच माही उचकी. हृदयाभोवती रगत साचलं असतं तर आज मी तुमच्यासमोर बसली नसती. या खेपेले म्हटलं मले हिंदीवाली पाहिजे, पोराच्या तोंडून नाई ऐकत. नर्सनं फोनवर हिंदी बोलनारी बाई लावून देली. ती म्हणे, असं क्वचित होऊ शकते हे डाक्टरनं पहिल्या वेळेलेच सांगितलं होतं. मी नितीनकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली. म्हणे आई, सांगितलं असतं तर तू सही केली नसती, अन् सही केली नसती तर गेली असती.

खरं आहे त्याचं, मी नसतीच केली. पण म्हणून काय लपवाचं? जीव माहा होता ना.

मंग ती तार मांगं ओढली अन् दुसऱ्या जागी बसवली. आता बरं आहे, दुकानात जाते. विमल रोज फोन करते, पोट दाखव म्हणते. मायेनं करते का गावात सांगाले करते, मले अजून समजलं नाई. तारीवर भरोसा नाई, पोरावरही पहिल्यासारखा नाई राहिला, अन् या दोघांबिगर माह्यं चालत नाई, काय करता. असो. तुमची माय आहे ना अजून? मंग डाक्टर तिच्याबद्दल जे सांगन, ते तिले पुरं सांगत जा, भेली तरी सांगा. सुखी राहा.