नानी म्हंजे कोन

हॅलो?

हॅलो… कोन? मोठ्यानं बोल वं, घरात टावर नाई लागत… थांब, वट्ट्यावर येतो… हां. उर्वशी? जयभीम बाई, जयभीम. बोल.

… मी बरी हावो. तुहे नाना बी बरे हायेत. विहिरीवर गेले, मोटर पाह्याले… लाईन कुठची! दिसभर नसते. उगाच गेले.

… कापसाचं काय इचारतं? यंदा बी लाल्या आला. पानं लाल, बोंडं बारकी. वेचाले बाया लावाव का सोडून द्याव, तेच समजत नाई… अन् रोज एक गाडी येते मारेगावातून. लोकं उतरते, बुडाल्या पिकाचे फोटो काढते, पानी पेते, जाते. परवा तं एक गोरी मडम आलती. माह्या चुलीजवळ बसली अन् इचारते, तुमाले कसं वाटते म्हून… अवं, परदेशातले लोकं आपल्या घरी येऊन राह्यले, अन् माह्या घरची पोट्टी तिकडं आफ्रिकेत जाऊन बसली! हास, हास.

… जेवली का?… उगाली? थे काय असते?… मक्याचं पीठ, उकळत्या पान्यात… कण्याच म्हन ना मंग! संग काय?… पालेभाजी. बरं. अन् तिकडच्या बायांच्या संग कापूस वेचाले गेलती? जमते का तुले अजून?… ओटी कायची बांधली?… कांगा? लुगड्याच्या तुकड्यावानी? गाठ मांगं मारजो, नाई तं कंबर धरते.

… काय म्हनते तुले? दादा?!… बहिणीले दादा? अन् मोठ्या बाईले?… मामा! बाईले मामा! उफराटाच मुलूक हाय बापा… कोन मामा नीमा? तू जिच्या घरी राह्यतं, थे?… हां. पोरगी नीमा, म्हून माय मामा नीमा. अन् तिचं सोताचं नाव?… कोनी घेतच नाई?

… अन् जिले लेकरूच नाई, तिले काय म्हनते मंग?… नाई, नाई. सहज इचारलं.

आयक ना. त्या आनखी एका वर्षाचं काय झालं?… आजच सांगा लागते? मंग सांगून टाक ना, राहतो म्हून… अवं, मी कायले नाई म्हनू? लोकं इचारते मले, पगार किती पोरीले? मी म्हनतो, पगार नाई, बाळंतिणींचं काम करते, त्यायच्याच घरात राह्यते. तं तोंडाकडं पाह्यते माह्या… मले काय होते? जेवतो, झोपतो, वावरात जातो. इतके दिवस गेले, हे बी जातीन. तू राह्य. माह्यासाठी येऊ नोको.

… कोनं सांगतलं तुले? हो, केलता ना फोन, परवा. मारेगावात फोनवाल्यानं लावून देल्ला. तू नव्हती, तुह्या मामा नीमानं उचलला… अवं, काय हुशार बाई! मी हॅलो म्हटलं का तिनं वळखलं. "नानी?" म्हने. मी म्हटलं, हो, नानीच. पुन्हा म्हने, "नानी?" म्हटलं, हो वं बाई, नानी! तू फोटो दाखवला असन माहा… काय झालं? हासतं कायले?… सांग तं खरं…

… नानी म्हंजे कोन? हे काय इचारनं झालं? मी, अजून कोन!… काय?… त्यायच्या भाषेत "नानी" म्हंजेच "कोन"?

… म्हंजे थे इचारे, कोन बोलतं म्हून, अन् मी… अरे बापा.

… काय बोलली म्हंजे? इकडचं तिकडचं. थे पोळ्याचं इचारे ना मले. "पोळे, पोळे" करे. म्हून सांगतलं, यंदा बैलायचे शिंगं नानानं रंगवले, तू नव्हती तं एक लाल, एक तसंच राह्यलं… थे बी नाई? मंग?… पोले? दुःखातल्या मानसाले म्हनते? वाईट वाटलं, असं?

… पन तिले कसं समजलं?

… कोन रडलं? मी? सर्दी झालती मले. आयक, आयक ना… कोनता शबुद? तिनं ध्यानात ठेवला? काय म्हने, म्हनून दाखव…

… करमत नाई.

… मी करवत म्हटलं असन. नाना करवत हुडकत होते घरात… बरं. म्हटलं. लय खेपा म्हटलं.

नाई करमत मंग! तुले कशी सांगू? माही बहीण, तुही माय, गेली तं तू माह्या मांडीवर आली, मी काई तुले जन्म नाई देल्ला. हापशीवर बाया म्हनते, पोटची असती तं इतकी दूर गेली नसती. मी म्हनतो, काम करून राह्यली माही पोरगी. अन् घरी येऊन दोघायच्या भाकरी थापाले बसतो तं पीठ तिघायचं मळलं जाते. थे बाई परकी. तिले समजनार नाई, म्हून तिच्यापाशी बोलून घेतलं… तू नोको रडू. उर्वशी. नोको ना वं.

… फोन तिले देतं? आता? बाजूलेच हाय?… मी काय बोलू तिच्याशी? अवं, थांब… तू बी आयकत राह्यशीन ना? बरं. दे.

हॅलो?

… हां, येते आवाज… हो हो, आलं ध्यानात. कोन बोलतं म्हून इचारून राह्यली तू.

मामा उर्वशी.

… हो! मामा उर्वशी. मीच थे… हासते पाह्य कशी!

आयक बाई. समजत नसन तरी आयक. तुमच्या दादाले घरी धाडून दे. मले करमत नाई… तुले बी नाई करमनार थे गेल्यावर, मालूम हाय मले.

पोले, बाई. पोले…

हॅलो?… हॅलो? उर्वशी, आयकलं ना वं तू?