देवीपुढचा उजेड

"उपास असला की जिभेलाही उपास घडवावा, परक्यांच्या बोलण्यात पडू नये," असं आई सांगायची. नवरात्र चालू होतं, म्हणून क्रांती चौकातल्या बसथांब्यावर शेजारी बसलेल्या सासू-सुनांचं बोलणं मी नुसतं ऐकत राहिले.

"आत्याबाई, आजपासून देवीपुढं हॅलोजन लावायचा नाय."

"मग देवी काय अंधारात बसंल व्हय गं?"

"काल लाईट गेली अन् तुम्ही तो इन्व्हर्टरवर लावला. बॅटरी उतरली, मामांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. शेजारून सिलिंडर मिळाला नसता तर?"

"त्यांच्यासाठीच तर बोललेय मी नवस! नऊ दिवस उजेड हलू देणार नाय, धन्याला श्वास दे, म्हणलं."

"देवीनं दिला. तुम्ही बंद केला."

"लई बोलतीस."

"बोलणारच. इन्व्हर्टरवर आता मशीन सोडून काय बी नाय. फ्रिज नाय, पंखा नाय, माझा मोबाईल बी नाय."

"अन् टीव्ही?"

"टीव्ही बी नाय. तुमच्या मालिकेत लग्न असलं तरी."

सासूबाई हसल्या.

"म्हंजे नवस मोडू?"

"मोडू नका. पण मामांच्या श्वासावर फेडू नका."

"बस आली तर थांबव जरा."

"कुठं निघालात?"

"तेल अन् पणत्या आणते. ओसरीवर लावीन, त्यांच्या खोलीपासून लांब, ऑक्सिजनपाशी जाळ नको. अन् पणत्यांजवळ मीच बसंन."

पदर खोचून त्या समोरच्या दुकानाकडे निघाल्या.