तळ दिसतोय

नाही, पण मी काय म्हणते मॅडम, तपासणीच्या बाटल्या नंतर भरा, आधी इकडे धक्क्यावर या आणि वाकून बघा — बघा तरी! दिसला तळ? तो चपटा दगड, त्याच्या शेजारी कुणाची तरी बुडालेली चप्पल, दिसतेय ना? मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा इथे काय होतं आठवतंय? रंगाचा डबा उपडा केल्यासारखा हिरवा थर, वल्हं घातलं की वल्हं हिरवं, आणि वास असा की आलेला माणूस नाक धरून मागच्या मागे परत. तेव्हा तुम्ही ती लाल पाटी ठोकलीत — पाण्यात उतरू नये, पाणी पिऊ नये. ठोकलीत, तुमचं कामच आहे ते, मी भांडले तुमच्याशी — भांडले म्हणजे काय, आवाज चढला, तो माझा चढतोच, आमच्या घरात कुणाला हळू बोलता येत नाही, सगळा जन्म तळ्यापलीकडे हाका मारण्यात गेला. पण आज? आज बोला की! आज इथूनच बाटली भरा आणि जाताना ती पाटी उपटून गाडीत टाका. खिळे मी काढून देते.

बसा हो, चहा झालाय. — नको? बिस्किटं तरी? तेही नको. आपली घरून आणलेली बाटली प्यायची, होय ना? गाडीतून उतरल्यापासून बघतेय, काखोटीला मारलीय ती. स्वयंपाकिणीनं आपल्यापुरता डबा घरून आणावा, तसली गत झाली ही! आमचं पाणी तपासायचं, प्यायचं मात्र नाही. रागावू नका, थट्टा करतेय. आज मी कुणाशी भांडायची नाही असं ठरवलंय, आज मला फार बरं वाटतंय.

माझ्यासाठी नाही हो. भाड्याच्या बोटी उपड्या पडल्यात, पडू देत, त्या काही रडत नाहीत. आबांसाठी. माझे वडील — मागच्या वेळी त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते ते. अख्खं गाव त्यांना पाणबुड्या म्हणतं. इथे ज्याला ज्याला पोहता येतं ना, त्याला त्यांनीच ह्या धक्क्यावरून ढकललंय, मलासुद्धा, मी तर चावले होते त्यांना. रोज पहाटे तळ्यात. आधी एक ओंजळ प्यायची आणि मग पाय घालायचा — ज्याच्या घरी जायचं त्याच्या घरचं पाणी आधी घ्यावं म्हणायचे. आणि तुमची पाटी लागली त्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवली. मी म्हटलं, आबा, खिडकी इकडे आहे. तर म्हणाले, मेलेल्याचं तोंड किती वेळ बघायचं? त्यानंतर जेवण अर्ध्यावर. नळाचं पाणी कडू लागतं म्हणून तेही घोटभरच. काविळीनं यकृत आधीच नाजूक, डॉक्टर म्हणाले जपा — काय जपा? माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला, आणि मी त्याला औषधाच्या गोळ्या मोजून देतेय!

हो, सांगितलं होतंत तुम्ही. कागदावर चित्र काढून समजावलंत, मी ऐकलं लक्ष देऊन. वरच्या वसाहतीचं सांडपाणी, साबणाचा फेस, शेतांतलं खत, सगळं उतरून आमच्या तळ्यात येतं आणि शेवाळाला आयतं ताट मिळतं. ताट बंद केलं की शेवाळ हळूहळू मरेल. हळूहळू! म्हणजे वरचं ते शुद्धीकरणाचं यंत्र दुरुस्त होणार, त्याला अधिकारी सह्या करणार, शेतकरी खत जपून टाकणार, आणि मग आमचं तळं उजळणार — वरातीमागून घोडं! तोवर आबांनी भिंतच बघायची?

कसं झालं म्हणजे? झालं. वारा फिरला असेल. ह्या तळ्याचं असंच असतं, लहरी आहे. — हाताला? हाताला काय झालंय? हां, हे होय, रंग आहे तो. बोटीला रंग देत होते. निळा. — बोट पांढरी आहे, बरोबर आहे, पांढरीच आहे. तुमची नजर म्हणजे ना… बरं, मोरचूद. झालं समाधान? खताच्या दुकानात कुणालाही मिळतं, वेलींवर फवारतात की लोक, मी काही चोरी नाही केली. पोत्यात बांधलं, बोटीच्या मागे सोडलं आणि वल्हवत राहिले, काठाकाठानं, मग मधून, खांदे भरून आले तरी थांबले नाही. आणि अक्कल तुमचीच हं! तुम्हीच म्हणालात, विष पाण्यात नाही, शेवाळाच्या पोटात असतं. मी म्हटलं मग सोपंय, शेवाळच मारायचं. साप मेला, विष संपलं! दुसऱ्या दिवशी थर तपकिरी झाला, मग खाली बसायला लागला, काही मासे उलटे झाले ते मी जाळीनं काढून पुरले, आणि आज सकाळी दार उघडते तर — तळ!

आता असं का बघताय? — कोण उतरणार? पाटी आहे ना तुमची एवढी लाल. कुणी नाही. — तो टॉवेल माझा आहे. — ओला आहे, हो, टॉवेल ओलाच असतो. मॅडम, तुम्ही उगाच खोलात शिरताय, बाटली भरा आणि… काय? जरा मोठ्यानं बोला. पोट फुटतं म्हणजे? शेवाळ मेलं की त्याचं पोट फुटतं, आणि आतलं विष — कुठे? इथे? म्हणजे हिरवं होतं तेव्हा ते पोटात बांधलेलं होतं, आणि आता सगळं मोकळं, ह्या असल्या नितळ पाण्यात? काहीतरीच काय! दिसत तर काहीच नाही. — दिसत नाही. वासही नाही. बरं, पण उकळलं की जात असेल, चहा ह्याच पाण्याचा आहे, पण मी खळखळून उकळलाय. — जात नाही? उकळूनही नाही? तुम्ही मला घाबरवताय, मागच्या वेळचा राग काढताय माझ्यावर, होय ना? होय म्हणा की हो.

माझं सोडा, मी एक घोट घेतला असेल चहाचा. ऐका, तो टॉवेल माझा नाही. आबा उतरले होते. मीच उठवलं त्यांना, हाताला धरून खिडकीशी आणलं, म्हटलं बघा, तुमचं तळं उठून बसलंय. आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं — लहानपणी मी पहिल्यांदा पलीकडे पोहून गेले होते ना, तेव्हा बघितलं होतं तसं. मी काय सांगू तुम्हाला, मला जग जिंकल्यासारखं झालं. आबा धावत गेले हो, ह्या वयात! ओंजळ भरली, प्यायले, अजून एक भरली, आणि सूर मारला. मी इथेच उभी होते, टाळ्या वाजवत होते मूर्खासारखी. नंतर आले ते थरथरत होते, म्हणाले पोटात मुरडा मारतोय. एकदा उलटी झाली. मी म्हटलं रिकाम्या पोटी पोहलात, होणारच, पडा जरा. तेव्हापासून पडलेत. झोपलेत. म्हणजे मला वाटलं झोपलेत.

किती म्हणजे? दोन ओंजळी म्हटलं ना. आणि — आणि तांब्या. नळाचं नको, आपल्या तळ्याचं दे म्हणाले. मीच भरून ठेवलाय उशाशी. ह्याच निळ्या हातांनी ठेवलाय. किती उरलंय त्यात मला माहीत नाही, मी बघितलंच नाही, मी तुमची वाट बघत होते, पाटी काढायची म्हणून!

आबा! — ओ आबा! — थांबा, गप्प बसा जरा. ऐकलंत? काहीतरी म्हणतायत. पाणी मागतायत. — आबा, तांब्याला हात लावू नका! नको, नको, खाली ठेवा तो, मी आले — मॅडम — अगं पोरी, बघत काय उभी राहिलीस, बाटली दे! ही तपासणीची नव्हे गं, ही घाल खड्ड्यात — तुझी दे, तुझ्या घरची, प्यायची. आण इकडे. आणि पळ, गाडी दाराशी लाव.