डोक्यातल्या मशीनचा धनी कोण

मी मूळचा करमाळ्याकडचा, तिसरीतनं शाळा सुटली आन मामाच्या मागं चिंचवडला आलो, कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं, हेल्पर लागलो, पुढं सेटर झालो. काय सांगू तुम्हाला, काय दिवस होते ते, शिफ्ट सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, अंगाला तेलाचा वास, दसऱ्याला प्रेसला झेंडूचा हार घालायचो आन पेढा आधी मशीनला, मग साहेबाला. घरी आलं तरी कानात ठोका चालूच. बायको म्हणायची, झोपेत बी तुमचा पाय प्रेसचं पेडल मारतोय.

सेटर म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवणारा माणूस. आमच्या शॉपची रीत होती, नवीन साचा बसला की पहिले ठोके सेटरनंच मारायचे, बोटं गेली तर त्याची जातील, ऑपरेटरची न्हाईत. मी कधी दुसऱ्याला पुढं केलं न्हाई, आन बघा, सगळी बोटं जागेवर हायेत. फक्त आता थरथरतात. कंपवात. जेवण बायको भरवते, आन सेटरनं दुसऱ्याच्या हातनं घास घ्यायचा म्हणजे मान खाली जाते राव.

गोळ्या चालंनात तवा पोरगा मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाबा, मेंदूत बसवायचं नवीन यंत्र आलंय, चाचणी चालू हाय, थोड्याच लोकांना बसवलंय, हाताची थरथर थांबंल किंवा न्हाई बी थांबणार, आत रक्तस्राव बी होऊ शकतो, मनाला पटलं तरच हो म्हणा. बाईनं काही लपवलं न्हाई. मी म्हणलं, पहिल्या ठोक्याची भीती मला न्हाई. पण आमच्याकडं एक परदेशी प्रेस होता, लोण्यासारखा चालायचा, त्याची कंपनी तिकडं बुडाली, पार्ट मिळंना, तो ताडपत्रीखाली पडून राहिला आन शेवटी भंगारात गेला. प्रेस भंगारात देता येतो. तुमची कंपनी उद्या बंद पडली तर माझ्या डोक्यातल्या मशीनचा धनी कोण?

बाईनं हातातली फाईल मिटली. मग म्हणाल्या, बाबा, ह्याचं पक्कं उत्तर माझ्यापाशी न्हाई. मी नमस्कार केला आन उठलो.

रिक्षात पोरगा फुगून बसला, आबा, तुमचा हट्ट म्हणजे हट्टच. घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं, आमटीत भाकरी कुस्करली, घास माझ्या तोंडापाशी धरला आन म्हणाली, कंपनीचं विचारलंत, बरं केलंत. पण मी बंद पडले तर तुम्हाला कोण भरवणार, हे कधी विचारलंत का?

मी घास घेतला, आन उरलेली भाकरी तिच्याकडं सरकवली.

डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला व्हता, मी न्हाईच म्हणलो. हट्टी म्हातारा म्हणा, चालंल. आमच्या शॉपच्या जागी आता टॉवर झालेत, गॅलऱ्यांत कपडे वाळतात, तिथनं जाताना पाय आपोआप हळू व्हतो. पण ज्यांनी ते यंत्र बसवून घेतलंय, ती बी माझ्यासारखीच माणसं असतील, त्यांच्या हातातला घास त्यांच्या तोंडात जाऊ दे, आन ती कंपनी त्यांच्या आधी मरू नये. एवढंच मागणं.