कपड्यांच्या तारेवरची कराची

अँटेना कसा बनवायचा ते मला नका सांगू. उल्हासनगरात आमच्या शेजारी लछू सिंधी राहायचा. सायकलच्या तारा, पत्रे, सगळ्यातून त्यानं अँटेना काढले. शेवटी आमच्या बायकोची कपडे वाळत घालायची लोखंडी तारच रेडिओला जोडली, तर कराची स्टेशन लागलं. पण ओला कपडा पडला की स्टेशन गायब. मग हा रोज ओरडायचा, "भाभी, कपडा मत डालो." तो ओरडला, की ही मुद्दाम गोधडी टाकायची.

एका सकाळी खांबावरची लाईटची तार तुटून थेट त्या तारेवर पडली. ही ओली साडी पिळत, मान खाली घालून तिकडंच निघालेली. मी उठेपर्यंत ही तारेपाशी पोचली. लछू दारातून हसत म्हणाला, "डालो भाभी, डालो. आज स्टेशन एकदम मस्त लागतंय."

"तुझ्या बापाची नोकर हाय का मी?" म्हणत हिनं साडी परत बादलीत आपटली.

लछू उंबऱ्यावर मटकन बसला. त्यानं बोट वर केलं, तेव्हा हिला तार दिसली.

आता म्हातारी झाली, तरी अजून ही कपडा टाकायच्या आधी मला विचारते, "टाकू का?" हो म्हणायची पण भीती वाटते, आणि नको म्हणायची त्याहून जास्त.