लेन्स लांबची, काटे जवळचे

हसताय काय, माज्या मोतीबिंदूचं ऐका. बोईसरच्या डॉक्टरीणबाई मला बोलल्या, "आजोबा, लेन्स कुठली बसवू? चष्म्याशिवाय लांबचं दिसेल ती, की जवळचं?"

मी तोंड उघडायच्या आधी बायको बोलली, "जवळची बसवा. यांना दिसत नाय म्हणून यांच्या माशाचे काटे मी काढते. माजं जेवण रोज थंड होतं."

मी बोललो, "नाय बाई, लांबचीच बसवा. केळव्याला वाडी हाय आमची. माडावरचे नारळ खालनं दिसायला नकोत?"

डॉक्टरीणबाई बोलल्या, "मग जेवताना चष्मा लावावा लागेल."

"लावतो की!"

तुमाला म्हणून सांगतो, तिनं काटे काढून दिलेला मासा मला सोडायचा नव्हता.

ऑपरेशन झालं. मग काय, जेवायची वेळ झाली की माजा चष्मा हरवायचा. बिचारी काटे काढत राहिली.

परवा बोय मासळी केली होती. बायकोनं तांदळाच्या डब्यात हात घातला, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि माज्या नाकावर चढवला.

"दिसतंय?"

"दिसतंय."

तिनं आपलं ताटपण माज्यापुढं सरकवलं. "मग आता माजे पण काटे काढा."